अंधार करणारं बटण

आमच्या फोटोग्राफी क्लबकडे एक कॅनन ६०डी आहे. २०१० सालचं मॉडेल, सेकंड हँड घेतलेलं, ग्रिपचं रबर सुटत आलेलं. दर वर्षी एफईची नवी मुलं येतात, कॅमेरा हातात घेतात, सगळी बटणं दाबून बघतात आणि त्यातल्या एकदोघांचा तरी हमखास प्रश्न असतो, "हे दाबलं की आत सगळं काळं होतं. बिघडलंय का?"

बिघडलेलं नाही! लेन्सच्या बाजूला खालच्या अंगाला असलेलं ते छोटंसं बटण म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू. अख्ख्या कॅमेऱ्यावर याच्याइतकं दुर्लक्षित बटण दुसरं नसेल. लोक दोन-दोन वर्षं कॅमेरा वापरतात आणि ते कशासाठी आहे हे त्यांना माहीत नसतं. एका बटणावर पूर्ण लेख कशाला, असं आमचा एडिटर म्हणालाच. पण त्या बटणाच्या मागे एफईच्या फिजिक्सपासून आपल्या डोळ्यांपर्यंत बरंच काही दडलंय, आणि ते न कळल्यामुळे आमच्याच डिपार्टमेंटचा एक फोटो कायमचा गेलाय. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे काय ते बघू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे याला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. साध्या भाषेत सांगायचं तर फोटोत पुढे-मागे किती अंतरापर्यंतच्या गोष्टी स्पष्ट दिसतात, ती पट्टी. खरं तर लेन्स एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकते. तुम्ही २ मीटरवर फोकस केलात तर बरोबर २ मीटरवरच्या बिंदूचा सेन्सरवर बिंदू उमटतो. त्याच्या पुढच्या किंवा मागच्या बिंदूचा बिंदू न उमटता एक बारीक गोल ठिपका उमटतो. जितकं लांब जाल तितका तो ठिपका मोठा. ठिपका इतका लहान असेल की आपल्या डोळ्याला तो बिंदूच वाटला, तर आपण म्हणतो "शार्प आहे". म्हणजे शार्प असणं हा सगळा डोळ्याला फसवण्याचा मामला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अ‍ॅपर्चर. लेन्सच्या आतल्या पात्या उघडझाप करून मधलं भोक लहानमोठं करतात, आणि एफ नंबर म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला त्या भोकाच्या व्यासाने भागलं की जे येतं ते. म्हणून नंबर मोठा तर भोक लहान. पहिल्या दिवशी सगळ्यांचा इथेच गोंधळ होतो. क्लबकडे ५० मिलिमीटरची एक लेन्स आहे. एफ १.८ ला तिचं भोक २८ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एफ ८ ला सव्वासहा मिलिमीटर, वाटाण्याएवढं. एफ १६ ला ३ मिलिमीटर, साबुदाण्याएवढं. भोक लहान झालं की त्यातून जाणारा प्रकाशाचा शंकू निमुळता होतो, आणि निमुळत्या शंकूचा ठिपका लहानच पडतो. झालं, इतकंच. यात बाकी काही जादू नाही.

त्याच लेन्सने २ मीटरवरच्या मित्राचा फोटो काढायचाय असं धरा. एफ १.८ ला स्पष्ट पट्टी मिळते जेमतेम ११ सेंटिमीटरची. डोळे शार्प, कानाच्या मागे सगळं विरघळलेलं. एफ ८ ला तीच पट्टी होते ५१ सेंटिमीटर आणि एफ १६ ला साधारण १ मीटर ६ सेंटिमीटर. सूत्र मी इथे देत नाही, कारण डीटीपीमधे वर्गाचं चिन्ह कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. नेटवर कॅल्क्युलेटर ढिगाने आहेत.

आता खरी गोम अशी आहे की कॅमेऱ्यात तुम्ही एफ १६ ठेवलात तरी व्ह्यूफाइंडरमधे एफ १६ दिसतच नाही! एसएलआर कॅमेरा फोटो निघेपर्यंत अ‍ॅपर्चर सताड उघडं ठेवतो. म्हणजे १.८ ची लेन्स असेल तर तुम्ही काहीही सेट करा, आत दिसतं ते १.८ चं चित्र. शटर दाबल्यावर आरसा वर जातो, पात्या १६ वर येतात, फोटो निघतो, पात्या परत उघडतात. हे सगळं क्षणार्धात. तुम्ही बघता एक चित्र आणि निघतो दुसराच फोटो.

असं का करतात? उजेडासाठी. एफ १.८ आणि एफ १६ च्या भोकांच्या क्षेत्रफळात जवळजवळ ८० पटींचा फरक आहे. कायम १६ वर ठेवलं तर आत काही दिसणारच नाही, आणि ऑटोफोकसलाही भरपूर उजेड लागतो. १९५० च्या आसपासच्या बऱ्याच एसएलआर कॅमेऱ्यांत हे काम हाताने करावं लागायचं. अ‍ॅपर्चर उघडायचं, फोकस करायचा, मग रिंग फिरवून बंद करायचं आणि मग फोटो. तोपर्यंत समोरचं मूल पळालेलं! पुढे हे आपोआप व्हायला लागलं. १९५९ च्या निकॉन एफमधे आपोआप बंद होणारं अ‍ॅपर्चर होतं आणि सोबत प्रिव्ह्यूचं बटणसुद्धा होतं, कारण सोय झाली तरी एक गोष्ट हातची गेली होती. फोटो कसा येणार ते आधी बघता येईनासं झालं होतं. ते परत मिळावं म्हणून हे बटण. दाबून धरलं की पात्या तुम्ही ठरवलेल्या नंबरवर येतात आणि तुम्हाला खरं चित्र दिसतं. अंधारं, पण खरं.

विश्वास नसेल तर लेन्स स्वतःकडे वळवा, एफ १६ ठेवा, आत बघत बटण दाबा. पात्या आत सरकताना दिसतील, टिक असा आवाजही येईल. कॅननच्या ईएफ लेन्सेसमधे १९८७ पासून पात्या हलवणारी छोटी मोटर लेन्सच्या आतच असते. निकॉनच्या जुन्या लेन्सेसमधे हे काम मागच्या बाजूची एक बारीक दांडी करते. मेकॅनिकलवाल्यांनी ती दांडी एकदा तरी बोटाने हलवून बघावी, छान मेकॅनिझम आहे. (आपलं नाव सांगू नये, लेन्स दुसऱ्याची असेल तर.)

अंधारात बघायचं कसं हे मला मामाने शिकवलं. तो एकेकाळी लग्नाचे फोटो काढायचा, त्याच्याकडे अजून निकॉनचा एफएम२ आहे, फिल्मवाला. मी पहिल्यांदा त्याच्या कॅमेऱ्याचा तो खटका दाबला आणि म्हटलं, "मामा, काहीच दिसत नाहीये." तो म्हणाला, "अगं, अंधाराकडे बघू नकोस. मागची एखादी कड पकड, खिडकीची, दाराची, कशाचीही. तिथेच बघत राहा आणि दहापर्यंत मोज." खरंच तसं आहे. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला काही सेकंद लागतात, आणि आपण एका सेकंदात बटण सोडून देतो. दुसरं म्हणजे आपण ज्याच्यावर फोकस केलाय त्याच्याकडेच बघत बसतो. ते तर दोन्ही वेळेला शार्पच असणार! बघायचं असतं ते मागे आणि पुढे. मागच्या भिंतीवरची अक्षरं वाचता यायला लागली का? डोक्यातून उगवलेला विजेचा खांब आता ठळक झाला का? एका हाताने व्ह्यूफाइंडरच्या बाजूने येणारा उजेड अडवला तर आणखी बरं दिसतं.

मामाच्या लेन्सवर एक सोय आहे जिचा मला हेवा वाटतो. फोकसच्या रिंगवर अंतरं लिहिलेली आणि त्याच्याखाली रंगीत रेघांच्या जोड्या, प्रत्येक एफ नंबरच्या रंगाची एक जोडी. दोन रेघांच्या मधे जी अंतरं येतील तेवढं शार्प. बटण दाबायचीही गरज नाही. आपल्या १८-५५ किट लेन्सवर ना रेघा ना अंतरं. स्वस्त करता करता कंपन्यांनी काय काय काढून टाकलं बघा. बरेच स्वस्त डीएसएलआर तर प्रिव्ह्यूचं बटणच न देता विकले गेले. निकॉनच्या डी४०, डी३१००, डी५१०० वर ते नाहीच. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर शोधत बसू नका.

किट लेन्सवाल्यांची अजून एक तक्रार असते, "बटण दाबलं तरी काही फरक दिसत नाही." बरोबर आहे. ५५ मिलिमीटरला किट लेन्सचं जास्तीत जास्त अ‍ॅपर्चरच एफ ५.६. तुम्ही ८ ठेवून बटण दाबलंत तर ५.६ चं ८ झालं, एका पायरीचा फरक, तो काय दिसणार? आणि १८ मिलिमीटरला तर आधीच बहुतेक सगळं शार्प असतं. १८ ला एफ ८ ठेवून २ मीटरवर फोकस केलात तर १ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ट्रेकला गेल्यावर पुढे दगडावरची फुलं आणि मागे राजगडाचा बालेकिल्ला असा फोटो हवा असेल तर हे पाठ करून ठेवा, बटणाला हात लावायची गरज नाही. बटणाची खरी मजा १.८, २.८ अशा लेन्सेसवर.

पण तिथेही एक भानगड आहे आणि ही बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसते. व्ह्यूफाइंडरमधे आपण जे बघतो ते एका फोकसिंग स्क्रीनवर पडलेलं चित्र असतं. जुन्या कॅमेऱ्यांत ती काच खरखरीत होती. ऑटोफोकसच्या जमान्यात कंपन्यांनी ती जास्त उजळ दिसेल अशी बनवली, म्हणजे किट लेन्स लावली तरी आत लख्ख दिसावं. पण त्या उजळपणाची किंमत अशी की लेन्सच्या कडेकडेने तिरका येणारा प्रकाश ती डोळ्यापर्यंत नीट पोचवत नाही. परिणाम काय, तर लेन्स १.८ ची असो नाहीतर १.४ ची, आत दिसतं ते साधारण एफ २.८ च्या आसपासचं चित्र. करून बघा: ५० मिलिमीटर लावा, एफ २ ठेवा, बटण दाबा. काही बदल नाही. २.५ ठेवा, दाबा. जवळजवळ काही नाही. ४ ठेवा, आता अंधारलं! म्हणून एफ १.८ ला काढलेला फोटो नंतर कॉम्प्युटरवर बघितला की मागचं जास्तच धूसर आलेलं असतं आणि पट्टी वाटली त्याहून अरुंद निघते. कॅननने ५डी साठी खास २.८ आणि त्याहून मोठ्या लेन्सेसकरता वेगळी स्क्रीन विकायला काढली होती, ईई-एस नावाची. ती लावली की खरं दिसायचं, पण किट लेन्ससारख्या लहान अ‍ॅपर्चरच्या लेन्सेस लावल्या की अंधार. शेवटी दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

मग आरसेवाल्या कॅमेऱ्यातही उपाय काय? लाइव्ह व्ह्यू. म्हणजे व्ह्यूफाइंडर सोडून मागच्या स्क्रीनवर बघायचं. तिथे फोकसिंग स्क्रीन मधे येतच नाही, सेन्सरला जे दिसतं तेच. आणि बटण दाबलं की अंधारही होत नाही, कॅमेरा आपणहून चित्र उजळ करून दाखवतो. उजेड कमी असेल तर दाणेदार दिसतं, पण दिसतं. आता तुम्ही म्हणाल, मग प्रॉब्लेम संपला की! नाही. इथेच आमच्या डिपार्टमेंटचा तो फोटो आला.

आमच्या सीनियर्सच्या एका ग्रुपने भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन केलं होतं. फ्रेमचं सगळं वेल्डिंग वर्कशॉपच्या काकांनी जवळ उभं राहून करून घेतलं, अर्धं तर त्यांनी स्वतःच केलं. व्हायवाच्या दिवशी वर्कशॉपसमोर मशीनचा फोटो काढला, मशीन पुढे आणि मागे तिघं मुलं आणि मधे काका. फोटो काढणाऱ्याने स्क्रीनवर बघितलं, सगळ्यांनी बघितलं, मस्त आलाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोटर लॅबला परत गेली, अँगल पुढच्या बॅचने कापून वापरले. मशीन संपलं. महिन्याभराने त्या फोटोचा ए२ साइजचा पोस्टर छापून आला, तो अजून कॉरिडॉरमधे आहे. जाऊन बघा. मशीन असं आलंय की वेल्डचा प्रत्येक बीड मोजता येतो. मागचे चौघे धुरकट. काकांचे डोळे कुठे बघतायत ते कळत नाही. काकांनी पोस्टर बघितला तेव्हा मी तिथेच होते. ते म्हणाले, "बीड बेस आलाय की." स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. आता ते रिटायर झालेत.

मूळ फाइल क्लबच्या हार्ड डिस्कवर आहे. डिजिटलचं एक बरं असतं, फाइलमधे सगळं नोंदलेलं असतं: ५० मिलिमीटर, एफ ४. अंतरं आम्ही वर्कशॉपसमोरच्या फरशा मोजून काढली. मशीनची पुढची बाजू कॅमेऱ्यापासून २.६ मीटर, काका ३.४ मीटर. फोकस मशीनवर. मग गणित केलं. काकांच्या चेहऱ्यावरच्या एका बिंदूचा सेन्सरवर पडलेला ठिपका येतो ०.०५८ मिलिमीटर.

आता स्क्रीनकडे बघा. ६०डी चा फोटो रुंदीला ५१८४ पिक्सेल. मागची ३ इंची स्क्रीन, जाहिरातीत तिचे १० लाख ४० हजार डॉट्स सांगतात, पण लाल-हिरवा-निळा मिळून एक पिक्सेल, म्हणजे रुंदीला फक्त ७२०. सेन्सरचे ७ पिक्सेल मिळून स्क्रीनचा एक! सेन्सरवर मोजलं तर स्क्रीनच्या एका पिक्सेलमधे ०.०३ मिलिमीटर मावतात. काकांचा ठिपका झाला दोन पिक्सेलचा. भर उन्हात, ३ इंची स्क्रीनवर, नखाहून लहान चेहऱ्यात दोन पिक्सेलची गडबड कुणाला दिसणार? तोच ठिपका ए२ वर २६ पटींहून जास्त मोठा होऊन दीड मिलिमीटरचा झाला. ते मात्र कॉरिडॉरमधून चालतासुद्धा दिसतं.

म्हणजे चूक नुसती अ‍ॅपर्चरची नव्हती. किती मोठं छापणार आणि किती लांबून बघणार, हे न ठरवता "शार्प आहे" म्हणता येत नाही. मघाशी मी ११ सेंटिमीटर, ५१ सेंटिमीटर असे आकडे दिले, ते कुठून आले? त्यात ठिपका ०.०२ मिलिमीटरपर्यंत चालेल असं धरलंय. का ०.०२? तर ८ बाय १० इंचाचा प्रिंट २५ सेंटिमीटरवरून बघितला तर पाव मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो, आणि या सेन्सरवरून एवढा प्रिंट करायला ११ पट मोठं करावं लागतं, भागाकार करा. हा निसर्गाचा नियम नाहीये, लोकांनी सोयीसाठी ठरवून घेतलेली गोष्ट आहे. ८ बाय १० च्या ऐवजी गॅदरिंगचा ६ फुटी फ्लेक्स करणार असाल तर तोच ०.०२ चा ठिपका १.६ मिलिमीटरचा होतो. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून चालून जातं. पण गेटपाशी लावलात आणि लोक त्याला चिकटून सेल्फी काढायला लागले की नाही चालत.

म्हणून प्रिव्ह्यूचं बटण नुसतं दाबून भागत नाही. लाइव्ह व्ह्यूमधे भिंग असतं, ५ पट आणि १० पट. १० पट केलं की सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल स्क्रीनवर सुटा दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, १० पट करून आधी पुढची वस्तू बघायची, मग चौकोन सरकवत मागचा चेहरा, आणि दोन्हीकडे प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं. नाही पटलं तर एफ बदलायचा आणि परत दाबायचं. बटण आणि भिंग दोन्ही मिळून खरं उत्तर देतात, एकेकटं दोघंही अर्धवटच सांगतात.

त्या फोटोत काय करता आलं असतं ते आम्ही मशीनच्या जागी टेबल आणि मागे एकेक जण उभं करून करून बघितलं. फोकस मशीनवर ठेवण्याऐवजी मशीन आणि काकांच्या मधे, २.९५ मीटरवर. (२.६ आणि ३.४ चा हार्मोनिक मीन. बारावीनंतर तो पहिल्यांदाच उपयोगाला आला!) आणि अ‍ॅपर्चर एफ ११. दोन्ही टोकांचा ठिपका ०.०१ मिलिमीटर, ए२ वर पाव मिलिमीटरच्या जरासा वर. डोळे दिसतात, बीडही दिसतो. एफ ४ वरून ११ वर गेलं की उजेड ८ पट कमी होतो, ते आयएसओ २०० चा ८०० आणि शटर १/२५० चं १/१२५ करून भरून निघतं. एवढंच होतं करायचं.

मग सरळ एफ २२ च ठेवावं ना, कटकट नको? नको. एफईच्या लॅबमधे डिफ्रॅक्शन केलंय आठवतं? (जर्नल कुणाचं उतरवलं ते नका सांगू.) भोक फार लहान झालं की प्रकाश कडांपाशी पसरतो आणि अगदी फोकसमधल्या बिंदूचाही ठिपका होतो. हिरव्या प्रकाशाला एफ २२ ला त्या ठिपक्याचा व्यास येतो ०.०३ मिलिमीटरच्या जवळ, म्हणजे ६०डी चे सातएक पिक्सेल. सगळं सारखं शार्प आणि सगळं सारखं मऊ. हे व्ह्यूफाइंडरमधे प्रिव्ह्यू दाबून कळत नाही, भिंगातून कळतं. या सेन्सरला ८ ते ११ च्या आसपास थांबलेलं बरं, फारच नाइलाज असेल तर १६.

मिररलेस कॅमेरे आल्यावर लोकांना वाटलं की आता व्ह्यूफाइंडरमधेच छोटा टीव्ही, म्हणजे दिसेल ते खरं. इथेही कंपन्यांचं एकमत नाही. सोनीचे कॅमेरे सेटिंगचा परिणाम दाखवायचं चालू ठेवलं की साधारण ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवरच चित्र दाखवतात. निकॉनचे झेड कॅमेरे एफ ५.६ पर्यंत पात्या बंद करतात, त्यापुढे तुम्ही ११ ठेवा की १६, दिसतं ५.६ चं. कॅननचे मिररलेस बरेचसे जुन्या सवयीप्रमाणे अ‍ॅपर्चर उघडं ठेवतात आणि प्रिव्ह्यू एखाद्या बटणाला नेमून द्यावा लागतो. नंतरच्या काही मॉडेल्समधे एक्स्पोजरसोबत डेप्थ ऑफ फील्डही कायम दाखवायचा पर्याय मेन्यूत आहे. तेव्हा नवा कॅमेरा हातात आला की पहिल्यांदा हे तपासा, दुकानातच तपासलं तर उत्तम. मोबाइलचं वेगळंच आहे. त्याची लेन्स इतकी छोटी की बहुतेक सगळं आधीच शार्प, आणि पोर्ट्रेट मोडमधलं धूसर हे लेन्सने केलेलं नसून सॉफ्टवेअरने हिशोब करून घातलेलं असतं. म्हणून तर कधीकधी चष्म्याची दांडी गायब होते.

या सेमिस्टरला सगळ्या ग्रुपच्या प्रोजेक्टचे फोटो क्लब काढणार आहे, व्हायवाच्या दिवशीच, मशीन सुटी व्हायच्या आत. ज्यांचे फोटो हवेत त्यांनी आधी सांगा की कुठे छापणार, रिपोर्टमधे की पोस्टरवर, कारण त्यावर एफ ठरणार. मशीनच्या मागे उभं राहणाऱ्यांनी शक्य तितकं मशीनला चिकटून उभं राहा, १० सेंटिमीटर जवळ आलात तरी फरक पडतो. आणि ट्रायपॉडच्या पायाला धक्का मारू नका.

आणखी एक. कॅमेऱ्यावर कॅननचा बाहेरचा फ्लॅश चढवलेला आणि चालू असेल तर हे बटण उगाच दाबू नका. बऱ्याच फ्लॅशमधे त्या वेळी सावल्या कशा पडतील ते दाखवण्यासाठी एक सेकंदभर सलग तडतडाट होतो. मागच्या गॅदरिंगला एकाने पहिल्या रांगेतून हे केलं आणि स्टेजवरचा तबलजी थांबून सरळ त्याच्याकडे बघायला लागला.